कडुनिंबाचे नातेवाईक

आमच्या कॉलनीत झाडांना भेटायची वेळ ठरलेली होती. सकाळी सात ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सहा. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती, पण सिस्टर होत्या. दुपारी दोन वाजता कोणी गुलमोहराच्या बुंध्याला टेकून फोनवर बोलत उभा राहिला, की गल्लीच्या टोकाच्या घराची खिडकी उघडायची आणि आवाज यायचा, "ओ, पेशंट झोपलाय की! सरका तितनं!"

बाळांनो, तुम्ही मागच्या वेळी सोलापूरला आलात तेव्हा सिस्टर अकलूजला भाचीकडे राहायला गेल्या होत्या, त्यामुळे तुमची भेट हुकली. त्यांना पाहिल्याशिवाय त्यांच्याबद्दल वाचणं म्हणजे निम्मंच, पण निम्मं तरी लिहून ठेवते.

त्या मूळच्या माढ्याकडच्या एका खेड्यातल्या. लग्न केलं नाही. उभी हयात सरकारी इस्पितळाच्या वॉर्डात काढली आणि निवृत्त झाल्यावर आमच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर घेतलं. ठेंगण्या, काटक, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, म्हणजे नाडी धरली की वेळ समोर. निवृत्तीनंतर नाडी धरायला माणसं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी झाडं धरली. कॉलनीतल्या चौदा झाडांना त्यांनी चौदा बेड नंबर दिले. गुलमोहर बेड तीन, करंज बेड पाच, शाळेच्या भिंतीला लागून असलेला पिंपळ बेड अकरा. "बेड पाचला पोटात किडं झालेत," असं त्या दूध घ्यायला आलेल्या बायकांना सांगत, आणि नवीन राहायला आलेली एक बाई ते ऐकून दोन दिवस मुलांना बाहेर सोडत नव्हती.

खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात खुरपं, सुतळी, चुन्याची डबी, गेरू, पक्कड आणि जुन्या सुती साडीच्या पट्ट्या. झाडाला कुठे साल निघून जखम झाली असेल, तर शेण आणि काळी माती कालवून त्या लेप द्यायच्या, वरून पट्टी गुंडाळायच्या आणि खाली सुतळीने केसपेपर बांधायच्या. केसपेपर म्हणजे दुधाच्या पिशवीत घातलेला पुठ्ठा. त्यावर तारीख, काय झालं, काय केलं. अक्षर सुरेख. मला नीटनेटकं लिहिलेलं आवडतं हे तुम्हाला ठाऊक आहे. आमची ओळख वाढली ती त्या अक्षरावरून.

बुंध्यावर बोटाच्या पेरांनी ठोकून, कान लावून त्या ऐकत. एकदा तुमच्या आजोबांनी फाटकातून विचारलं, "काय म्हणतंय झाड, सिस्टर?"

"खोकला हाय."

"झाडाला खोकला?"

"मग? कॉलनीत तुमी येकट्यानंच खोकायचं व्हय, साहेब?"

आजोबा त्यानंतर आठ दिवस दार लावून खोकत होते.

खिळ्यांचा प्रसंग तर कॉलनीत अजून सांगतात. एका शिकवणीवाल्या सरांनी आपल्या क्लासच्या पाट्या झाडांना ठोकल्या होत्या. सिस्टरांनी पक्कड घेऊन एकेक खिळा काढला, घरच्या स्टीलच्या ट्रेमध्ये कापूस पसरून त्यावर ओळीने मांडला, आणि भर वर्गात तो ट्रे सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. "हे तुमचं. गंजल्यालं हायेत. धनुर्वाताचं इंजेक्शन झाडाला देता येत न्हाय, तवा म्हटलं तुमाला तरी देऊन यावं. बाही वर करा." सरांनी खरंच बाही वर केली, असं मुलं शपथेवर सांगतात. त्यानंतर त्या सरांनी जाहिरात फक्त स्वतःच्या भिंतीवर लावली.

इस्पितळाच्या आठवणी त्या फारशा काढत नसत. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या. एका माणसाचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, तोंडाने काही द्यायचं नाही असं बजावलं होतं, आणि रात्रपाळी बदलताना त्याच्या आईने पदराखालून आणलेली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी त्याला भरवली. "लेकरू उपाशी हाय म्हनली." गोष्ट संपली की सिस्टर बोट वर करून म्हणायच्या, "ध्यानात ठिवा. पेशंट रोगानं कमी मरतो, नातेवाइकांनी जास्त." आम्ही माना डोलवायचो. झाडांना नातेवाईक कुठून येणार?

आता बेड एकबद्दल.

बेड एक म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेला जुना कडुनिंब. त्याच्या सावलीत भाजीवाले चाचा गाडा लावतात, रिक्षा थांबतात, आणि उन्हाळ्यात, पारा चढला की, अख्ख्या गल्लीत बाहेर उभं राहता येईल अशी तेवढीच जागा. एका वर्षी गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. रस्ता करणाऱ्यांनी सिमेंट थेट बुंध्याला भिडवलं. आमचे कॉलनीचे अध्यक्ष त्या गुळगुळीत रस्त्यावर इतके खूष होते, की चपला काढून चालून पाहत. पुढच्या हिवाळ्यात कडुनिंबाची पानं बारीक झाली, शेंडा वाळायला लागला. सिस्टरांनी ठोकलं, ऐकलं आणि निदान केलं, "गळ्याला फास बसलाय."

एका रविवारी सकाळी त्या तोंडाला मास्क लावून, छिन्नी-हातोडा घेऊन खाली बसल्या आणि बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडायला लागल्या. अध्यक्ष बनियनवर धावत आले.

"सिस्टर! रस्ता नवीन आहे!"

"व्हय. आन झाड जुनं हाय. मान कुनाचा मोठा?"

"अहो, ते वाळलंय. उद्या फांदी कोणाच्या डोक्यात पडली तर मला विचारतील."

"ऑपरेशन चालू असताना नातेवाइकांनी भायेर थांबायचं असतं, अध्यक्ष."

वाद तासभर चालला. शेवटी चाचांच्या गाड्यापाशी, आम्हा सगळ्यांसमोर, करार झाला. अक्षय तृतीयेपर्यंत झाडाला पालवी फुटली, तर झाड राहील. उद्यान विभागाचा माणूस येऊन बघेल. नाही फुटली, तर अध्यक्ष झाड काढायची परवानगी मागतील, आणि यापुढे कॉलनीतल्या कोणत्याही झाडाला सिस्टर हात लावणार नाहीत.

"कबूल," सिस्टर म्हणाल्या. "बेड येक दगावला, तर चौदाच्या चौदा बेडचा चार्ज सोडते."

आवाज नेहमीसारखाच होता. पण बोलताना त्या मनगटावरचं घड्याळ उगाच फिरवत होत्या, आणि ते मी पहिल्यांदाच पाहिलं. चौदा झाडं गेली तर सकाळी सात वाजता या बाईने उठून करायचं काय, हे मला कळेना.

उपचार साधा होता. आठ दिवसांतून एकदा, दोन बादल्या पाणी. बस्स. काळी माती आहे, पाणी धरून ठेवते, जास्त नको. मी म्हटलं, पाळ्या लावू. अकरा घरांचा तक्ता मी केला, पट्टीने रेघा मारून, आणि चाचांच्या गाड्यामागच्या भिंतीला लावला. पाणी दिलं की खूण करायची. शिष्टाचार म्हणून माझं घर मी सगळ्यात शेवटी ठेवलं.

तक्ता लावल्यावर कुरकुर सुरू झाली. आठ दिवसांनी एक घर, म्हणजे शेवटच्या घरांची पाळी थेट वैशाखात. "तोवर झाड राहिलं पाहिजे ना, मॅडम!" "आमचं घर झाडाच्या समोर, आणि पाळी सहावी?" मी सांगितलं की तक्ता म्हणजे तक्ता. तुमच्या आईला माझा हा आवाज चांगला ठाऊक आहे.

तुम्ही नळ सोडला की पाणी येतं अशा गावात राहता, म्हणून एक गोष्ट समजावून सांगते. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातली पिंपं, टाक्या, कळश्या, पातेली, सगळं भरून ठेवायचं. पण भरण्याआधी मागचं उरलेलं शिळं पाणी काढून टाकावं लागतं. आता पाण्याचा एक थेंब वाया घालवणं म्हणजे सोलापुरात पाप. शिळं पाणी फेकलं तर पाप. झाडाला घातलं तर पुण्य. हा हिशोब गल्लीतल्या प्रत्येक घराने आपापल्या मोरीत, दुसऱ्याला न विचारता केला.

आम्हाला तेव्हा काहीच कळलं नाही. तक्त्यावरच्या खुणा अगदी बरोबर होत्या. आठ दिवसांनी एक.

गुढीपाडवा आला. दरवर्षी गुढीसाठी आणि चटणीसाठी सगळी कॉलनी त्याच झाडाचे डहाळे काढायची. त्या वर्षी वर नुसत्या काड्या. चाचांनी कुंभारी गावाकडच्या एका शेतातला भारा आणला आणि घरोघर वाटला. सिस्टरांनी घेतला नाही. "बेड येक उपाशी पडलाय आन मी दुसरीकडचं डहाळं दारात लावू? न्हाय जमायचं." त्यांच्या गुढीला त्या वर्षी साखरेची गाठी होती, फुलं होती, कडुनिंब नव्हता. अध्यक्ष जाता-येता झाडाकडे बघत, मग सिस्टरांच्या गुढीकडे बघत, आणि पुढे जात.

पाडव्यानंतर चार दिवसांनी, सकाळच्या भेटीच्या वेळी, सिस्टर बुंध्याशी बसल्या आणि त्यांनी खुरपं जमिनीत घातलं. मी शेजारीच उभी होते. खुरपं आत गेलं ते चिखलात गेल्यासारखं, आणि ओढून काढल्यावर त्या भोकात हळूहळू पाणी वर आलं. चैत्रातलं सोलापूर, रस्त्यावर चप्पल चिकटत होती, आणि झाडाच्या पायाशी डबकं. सिस्टरांनी चिमूटभर माती नाकाशी नेली. मलाही वास आला. कुजकट.

मला वाटलं त्या ओरडतील. पण त्या तिथेच जमिनीवर मांडी घालून बसल्या, आणि एकच शब्द बोलल्या.

"नातेवाईक."

संध्याकाळी पाच वाजता झाडाखाली सगळ्या घरांना बोलावणं गेलं. सिस्टर चाचांच्या रिकाम्या क्रेटवर उभ्या राहिल्या.

"कुनाकुनाचं हाय ह्ये पानी? खरं सांगायचं. पोटात काय गेलंय ते कळल्याबिगर औषध देता येत न्हाय."

आधी चाचांनी टोपी मागे सारली. "सिस्टर, मैं तो भाजी पे मारके बचा सो पानीच डाला. थोडा थोडा. अच्छा झाड है बोलके."

"रोज?"

"रोज सुबे."

मग कोपऱ्यावरच्या वहिनी. त्यांच्याकडे टॉवेलचे माग आहेत, घरात तेलुगू बोलतात. "अय्यो सिस्टर, आमी काय नळाचं टाकलो नाही. नळ आल्यावर शिळं पाणी टाकलो. एक पिंप."

"येक पिंप!"

"आमच्या सासूबाई वेगळं एक टाकल्या. मला आत्ता समजलं."

त्यानंतर बांध फुटल्यासारखं झालं. कोणी तांदूळ धुतलेलं पाणी, कोणी फिल्टरच्या नळीचं, कोणी देवाच्या अभिषेकाचं, तेही दूध घातलेलं. एका घरातून सकाळी सून आणि संध्याकाळी सासरे, एकमेकांना चोरून. तुमचे आजोबा घसा खाकरून म्हणाले, "माझी फिरायला जातानाची पाण्याची बाटली. रोज. फक्त बाटली." मी त्यांच्याकडे पाहिलं. आमच्या घरातली बाटली रोज रिकामी होऊन येत होती आणि मी समजत होते की माणूस अखेर पाणी प्यायला शिकला.

"आन अध्यक्ष?" सिस्टरांनी विचारलं.

"माझा काय संबंध?" अध्यक्ष म्हणाले. "मी तर झाड काढा म्हणणारा माणूस."

त्यांच्या पत्नी मागून शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुम्हीच नव्हतं का म्हणालात, 'टाकीचं तळातलं ओत तिकडे, पण सिस्टरना सांगू नकोस, डोक्यावर बसतील'?"

सगळी गल्ली हसली. सिस्टर हसल्या नाहीत. त्या एकेका चेहऱ्याकडे बघत होत्या. माझ्याकडेही बघितलं. मी हातातली वही उघडून तक्ता तपासत असल्यासारखं केलं.

कारण बाळांनो, मीही घातलं होतं. तक्ता करणारी मी, पाळी शेवटची. दुपारी सगळे झोपले की खिडकीतून ते बोडकं झाड दिसायचं आणि मला बघवेना. रोज एक बादली. आणि माझ्या इंग्रजी बागकामाच्या पुस्तकात लिहिलं होतं की पाणी बुंध्याशी घालू नये, लांबून गोलाकार घालावं, म्हणून मग्याने मोजून, सिमेंट फोडलेल्या आळ्याच्या कडेकडेने, नेमकं गोल. अकरा घरांनी कबुली दिली, चाचांनी दिली, आणि ज्या बाईने सगळ्यांना नियम शिकवले तिने हात वर केला नाही.

"पानी बंद," सिस्टरांनी जाहीर केलं. "तोंडानं काय बी न्हाय. थेंब सुदिक न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आळ्यापासून रस्त्याच्या कडेपर्यंत चर खणून घेतला, त्यात विटांचे तुकडे भरले, मुळांवरची माती उकरून मोकळी केली. आणि स्वतः खुर्ची टाकून पहाऱ्याला बसल्या. सोलापुरात, भर उन्हाळ्यात, एक बाई छत्री उघडून, हातात काठी घेऊन, झाडाला कोणी पाणी घालू नये म्हणून बसली आहे, हे दृश्य बघायला शेजारच्या कॉलनीतून लोक येत. वाटेने जाणाऱ्या एका आजीबाईंनी कमंडलूतलं पाणी घालायला हात पुढे केला, तर सिस्टरांनी काठी आडवी धरली. "आजी, तुमचं पुन्य फुडच्या गल्लीत करा. हितं जागा न्हाय." आजीबाई शाप देऊन गेल्या. नळाच्या दिवशी तर दोन्ही बाजूंनी लोक शिळ्या पाण्याच्या बादल्या घेऊन अवघडून उभे. मग सिस्टरांनीच त्या बादल्या करंजाला, पिंपळाला, एकेक करून वाटून दिल्या. कोणाला किती, हे त्या ठरवणार.

अक्षय तृतीया आली. उद्यान विभागातून एक शांत स्वभावाचे गृहस्थ आले. अध्यक्ष, चाचा, वहिनी, सासूबाई, सगळे माना वर करून उभे. शेंडा वाळलेलाच. रस्त्याकडची मोठी फांदीही वाळलेली. सिस्टर मनगटावरचं घड्याळ फिरवत होत्या. गृहस्थ झाडाला वळसा घालून मागे गेले, चाचांच्या गाड्याच्या वर पाहिलं आणि म्हणाले, "इकडे या."

मागच्या दोन फांद्यांवर तांबूस, तकतकीत, नखाएवढी पालवी फुटली होती.

"निम्मं वाळलंय, साहेब," अध्यक्ष सवयीने म्हणाले.

"मग निम्मं काढा. निम्मं जिवंत आहे, त्याला कशाला मारता?"

अध्यक्षांनी थोडा वेळ पालवीकडे पाहिलं. मग खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी तरी हेच म्हणत होतो." कोणी त्यांना अडवलं नाही. वहिनींनी पुरणपोळी आणली, चाचांनी सगळ्यांना एकेक काकडी दिली. सिस्टरांनी केसपेपरवर तारीख घातली आणि लिहिलं, 'प्रकृतीत सुधारणा. घरी सोडू नये.'

वाळलेला भाग उतरवून झाल्यावर, आठवड्याभराने, त्या माझ्याकडे आल्या. दारातच उभ्या राहिल्या. गुडघे दुखत होते, भाचीने अकलूजला बोलावलं होतं, पावसाळ्याआधी निघायचं होतं. पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली.

"चौदा बेडचा चार्ज. तुमच्याकडं."

मी पिशवी परत त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, "सिस्टर, मला नका देऊ. तुम्हाला माहीत नाही. त्या दिवशी मी..."

"सगळ्यांनी बुडात वतलं हुतं," त्या म्हणाल्या. "आन कडेनं मग्यानं मोजून, कंपासनं काढल्यावानी गोल, मातीला येक वल हुती. अशी गोल वल ह्या गल्लीत कोन करनार? अध्यक्ष?"

मी खाली बघितलं. "तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमची पाळी आली की बोलाल म्हटलं. तुमी पाळी कदी सोडत न्हाय." मग म्हणाल्या, "मी नवी हुते तवा येका म्हातारीला चोरून पेज दिली हुती. लई भूक भूक करायची. रातभर तिचं पोट धरून बसले."

"मग?"

"वाचली. पर तवापासून माझा हात कदी सैल झाला न्हाय. ज्याच्या हातनं कुनाचं काय बिघडलं न्हाय, त्याच्याकडं मी चार्ज देत न्हाय, मॅडम. त्यो लई दयाळू असतो."

त्या अकलूजला गेल्याला आता काही वर्षं झाली. काल दुपारी ऊन असं होतं की खिडकीच्या गजांना हात लावता येत नव्हता. कडुनिंबाची पानं मरगळलेली दिसली. मी बादली भरली, चप्पल घातली, फाटकापर्यंत गेले आणि तिथे उभी राहिले. आतून आजोबा म्हणाले, "घालून टाक गं, एक बादलीच तर आहे."

मी परत आले आणि त्या पाण्याने सगळी ओसरी पुसून काढली, कोपऱ्यांसकट.